चौथ्या चरणातलं उत्तर

आप्पाराव इंगळे सर स्टाफरूममध्ये आले की आधी आपल्या कपाटाचं कुलूप ओढून बघायचे. मग खुर्चीवर बसायचे, मग पाणी प्यायचे. पाच मिनिटांसाठी बाहेर जाऊन आले तरी कुलूप पुन्हा ओढणार. युसूफ वडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या. त्यामुळे पुढं जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि उरलेलं सरांनी स्वतः सांगितलं.

माणूस वाईट नव्हता. तास चुकवायचा नाही, शिकवणी घ्यायचा नाही, एखाद्याला गणित कळलं नाही तर सुट्टीत बसवून घ्यायचा. पण संशयी होता, आणि त्याला कारण होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका गावात, बारावीच्या परीक्षेला ते पर्यवेक्षक होते. ओळखीचा एक माणूस खिडकीशी आला आणि म्हणाला, सर, भावाला पाण्याची बाटली द्यायची आहे, उन्हाचं लई तहानलंय पोरगं. सरांनी बाटली आत घेऊन स्वतःच्या हातानं त्या पोराला दिली. बाटलीच्या कागदी लेबलामागं सगळी उत्तरं होती, आणि ती बाटली वर्गभर फिरली. त्या वर्गातल्या सत्तावीस जणांनी एका गणितात एकच चूक केली, अगदी अक्षरासकट. चौकशी लागली. सर चौदा महिने निलंबित होते. निर्दोष सुटून कामावर आले, पण त्यानंतर कुणी साधं पाणी पुढं केलं तरी ते आधी बाटलीकडं बघत.

अकरावीची त्रिकोणमिती हा त्यांचा आवडता धडा. त्याचं कारण मी एकदा विचारलं होतं. मला गणितातलं काही कळत नाही, म्हणून त्यांनी कागदावर एक मोठं अधिकचं चिन्ह काढलं आणि त्या रेघांनी झालेल्या चार खान्यांना वर उजवीकडून डावीकडं वळत एक ते चार आकडे घातले. हे चार चरण. पहिल्या चरणात कोन असेल तर साइन, कॉस, टॅन सगळे धन. दुसऱ्यात फक्त साइन धन, तिसऱ्यात फक्त टॅन, चौथ्यात फक्त कॉस. मग म्हणाले, समजा साइन तीन पंचमांश दिला आहे आणि कॉस काढायचा आहे. साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर एक, ही नित्यसमानता. एकातून नऊ पंचविसांश वजा केले, सोळा पंचविसांश राहिले. त्याचं वर्गमूळ चार पंचमांश.

"पण अधिक चार का वजा चार, हे ती नित्यसमानता सांगत नाही," सर म्हणाले. "ते चरण सांगतं. कोन दुसऱ्या चरणात असेल तर वजा."

यात आवडण्यासारखं काय, ते पुढं कळलं. सर चाचणीला चार संच काढायचे. चारही संचांत आकडे तेच, फक्त चरण वेगळं. शेजाऱ्याच्या कागदावरून चार पंचमांश उचलता येतो, पण त्याच्यासोबत त्याचं चिन्हही येतं, आणि ते आपल्या संचात चुकतं. चिन्हावरून चोर धरायचा ही सरांची रीत. दरवर्षी दहा-बारा जण सापडायचे. सर त्यांना ओरडायचे नाहीत. कुणी कुणाचं पाहिलं, एवढंच शांतपणे सांगायचे. पोरं त्याला जास्त भ्यायची.

तीन वर्षांपूर्वीची मार्च महिन्यातली चाचणी. दुपारी शेवटच्या तासानंतर सर पेपर तपासत होते. एकदम थांबले आणि एक पेपर बाजूला काढला. थोड्या वेळानं तोच पुन्हा उघडला. मग मला विचारलं, स्वप्नाली भगवान सानप ही मुलगी तुमच्या तासाला किती दिवस होती?

मी हजेरीपट पाहिला. दिवाळीनंतर ती वर्गात नव्हतीच. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. एरवी ती गावात किंवा परळीला मामाकडं राहायची, पण त्या साली आईच्या हाताला कोयता लागला, म्हणून स्वयंपाकाला आणि मोळ्या बांधायला तिला सोबत जावं लागलं. फेब्रुवारीच्या शेवटी हंगाम संपला तेव्हा ती परतली. म्हणजे त्रिकोणमितीचा एकही तास तिनं ऐकलेला नव्हता. आणि तिला वीसपैकी अठरा गुण पडत होते, वर्गात सर्वांत जास्त.

सरांनी तो पेपर माझ्यापुढं ठेवला. एक प्रश्न सोडला तर उत्तरं सगळी बरोबर, चिन्हं सगळी बरोबर. पण रीत कुठंच नाही. नित्यसमानता नाही, वर्ग नाही, वर्गमूळ नाही. प्रत्येक उत्तराच्या डावीकडं पेन्सिलीनं काढलेली बारीकशी फुली आणि त्या फुलीला चिकटलेला एक छोटा त्रिकोण, एखाद्या झेंड्यासारखा. कुठं झेंडा वर डावीकडं, कुठं खाली उजवीकडं.

"या खुणा आहेत," सर म्हणाले. "बाहेरून कुणीतरी उत्तरं पुरवलीत. कुठल्या संचाचं कुठलं उत्तर, ते लक्षात राहावं म्हणून या खुणा."

मी म्हटलं, सर, पोरीनं सहज काढलं असेल काहीतरी. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीही त्या कटात असेन की काय, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असावा.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तपास सुरू झाला. पेपर त्यांनी केजला झेरॉक्स केले होते. मशीनपाशी स्वतः उभे राहिले होते, बिघडलेले कागदही खिशात घालून आणले होते. तरी ते पुन्हा केजला गेले आणि दुकानदाराला मशीनमध्ये प्रत राहते का म्हणून विचारून आले. मग त्यांचं लक्ष बजरंगकडं गेलं. बजरंग आमचा शिपाई, पन्नाशीचा गरीब माणूस. स्टाफरूमची किल्ली त्याच्याकडं असायची, आणि तो राहायचा स्वप्नालीच्याच वस्तीवर. सरांना एवढं पुरे होतं. चाचणीच्या आदल्या दिवशी किल्ली कुणाकडं होती, किती वाजता कुलूप लावलं, वस्तीवर कुणाशी काय बोललास, असं त्यांनी त्याला अर्धा तास विचारलं. बजरंग मान खाली घालून उत्तरं देत राहिला. शेवटी त्यानं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि उद्यापासून कुलूप तुम्हीच लावा, म्हणून निघून गेला. सरांना हेही संशयास्पद वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वप्नालीला स्टाफरूममध्ये बोलावलं. बारीक अंगाची, उन्हानं रापलेली मुलगी. हाताला उसाच्या पाल्यानं कापल्याच्या खुणा होत्या. सरांनी तिला उभ्या-उभ्या विचारलं, टॅन वजा पंधरा अष्टमांश, कोन दुसऱ्या चरणात, साइन आणि कॉस सांग.

तिनं टेबलाच्या कडेखाली हात नेला. डोळे मिटले नाहीत, वर पाहिलं नाही. चार-पाच सेकंदांनी म्हणाली, साइन पंधरा सतरांश, कॉस वजा आठ सतरांश.

बरोबर होतं. सरांचा चेहरा आणखी कठीण झाला. त्यांनी हात वर घ्यायला सांगितले. दोन्ही तळवे रिकामे. बोटांनी काय करत होतीस, विचारलं.

"काढून बघत व्हते," ती म्हणाली.

काय काढत होतीस, यावर ती काहीच बोलली नाही. आता मला वाटतं, कुणी इतक्या रागानं विचारल्यावर मीही बोललो नसतो. पण सरांनी त्या गप्प बसण्याचा आपल्याला हवा तो अर्थ काढला. रसायनशास्त्राच्या मनिषा मॅडमना बोलावून त्यांनी तिची झडती घ्यायला सांगितली. मॅडम आढेवेढे घेत होत्या, सर ऐकेनात. शेवटी मॅडम तिला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांनी परत आल्या. कपड्यांत काही नव्हतं. कंपासपेटीत सुतळीचा एक तुकडा सापडला, सारख्या अंतरावर गाठी मारलेला. मॅडमनी तो सरांपुढं टाकला आणि माझ्याकडून असलं काम पुन्हा होणार नाही, म्हणून निघून गेल्या.

सरांनी गाठी मोजल्या. तेरा गाठी, मध्ये बारा अंतरं. संध्याकाळपर्यंत ते त्या सुतळीकडं बघत होते. गाठींचा आणि उत्तरांचा मेळ घालायचा प्रयत्न त्यांनी कागदावर करून पाहिला. बसला नाही, तरी सुतळी त्यांनी पाकिटात घालून वर तारीख लिहिली.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती येणार न्हाई म्हणती, एवढं बजरंग मला सांगून गेला, सरांना नाही.

सरांनी प्राचार्यांना द्यायचा अहवाल लिहायला घेतला. त्यांना तो पक्का करायचा होता, म्हणून तिचा एकेक प्रश्न उत्तरसूचीशी ताडून बघत होते. पाचव्या प्रश्नापाशी त्यांचा पेन थांबला. तिचे दोन गुण तिथंच गेले होते. उत्तराच्या जागी आकडाच नाही म्हणून त्यांनी न वाचता शून्य दिलं होतं. बाकी वर्ग पुस्तकासारखं इंग्रजीत लिहितो. हिनं तिथं मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या, पेन्सिलीनं, पुसट. सरांनी पेपर माझ्याकडं सरकवला आणि काय लिहिलंय बघा म्हणाले.

मी वाचलं. "चौथ्या चरणात कॉस वजा येत नाही. त्रिकोण उजवीकडं काढायचा का डावीकडं? असा कोन नाही."

सरांनी प्रश्नपत्रिका ओढली. तिच्या संचातला पाचवा प्रश्न असा होता: कॉस वजा पाच तेरांश, कोन चौथ्या चरणात, साइन आणि टॅन काढा. ते बराच वेळ त्या वजाच्या चिन्हाकडं बघत राहिले. ते चिन्ह तिथं नको होतं. एका संचावरून दुसरा संच टाइप करताना चुकून राहिलं होतं. चौथ्या चरणात कॉस धनच असतो. उत्तरसूची मात्र त्यांनी मूळ प्रश्नावरून केली होती: साइन वजा बारा तेरांश, टॅन वजा बारा पंचमांश. त्या संचाच्या बाकी अकरा पोरांनी चिन्हाकडं न बघता सूत्र लावून काहीतरी उत्तर काढलं होतं. प्रश्नच चुकलाय, हे एकटीनं लिहिलं होतं.

मला गणित कळत नाही, पण एवढं कळलं. मी म्हटलं, "सर, तिला उत्तरसूची मिळाली असती तर तिनं त्यातलं उत्तर लिहिलं असतं."

सरांनी लगेच मान्य केलं नाही. असंही असेल, म्हणाले, की संशय येऊ नये म्हणून तिनं मुद्दाम एक सोडला. मग स्वतःच मान हलवली. मुद्दाम सोडायचा तर नेमका हाच कसा सोडला? हा प्रश्न चुकलाय हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं, तर दुसऱ्या कुणाला कुठून असणार?

मग त्यांनी ती फुलीची चित्रं पुन्हा पाहिली; फुली म्हणजे चरणांच्याच रेघा होत्या. दुसऱ्या चरणाचा प्रश्न, झेंडा वर डावीकडं. तिसऱ्याचा, खाली डावीकडं. जवळ नेऊन पाहिलं तर त्रिकोणाच्या बाजूंवर मुंगीएवढ्या अक्षरात आकडे होते, तीन, चार, पाच. पाचव्या प्रश्नापाशी फुली होती आणि त्रिकोण दोन वेळा काढून खोडलेला होता. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. लिहायला घेतलेला अहवाल बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात मोटारसायकल घेऊन उभे होते. वस्तीवर जायचंय, तुम्ही चला. एकट्यानं जायची त्यांची हिंमत नव्हती, असं मला वाटतं.

वस्ती गावापासून तीन किलोमीटरवर. आम्ही गाडी लावली तेव्हा स्वप्नालीचे वडील भगवानराव बाजेवर बसले होते. उठले नाहीत. हजेरी कमी भरली म्हणून नाव काढायला आलात का, हा त्यांचा पहिला प्रश्न. सर नाही म्हणाले. मग कागदावर अंगठा घ्यायला आलात का? तेही नाही म्हटल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला. त्यांनी माझं नाव, माझं गाव, मी कशाला सोबत आलो, सगळं विचारून घेतलं. शेजारच्या घरांतली तीन-चार माणसं हळूहळू येऊन उभी राहिली. कुणी बसा म्हटलं नाही. गर्दीच्या मागं बजरंगही होता, तो पुढं आला नाही.

स्वप्नालीची आई रुक्मिणीबाई दारात आली. डाव्या हाताच्या पंजावर कोयत्याच्या घावाचा वण होता.

"मास्तर, आमच्या पोरीची झडती कावून घेतली?" तिनं विचारलं. "आमी ऊस तोडतो म्हणून?"

सरांनी खिशातून तो पेपर काढला. प्रश्न मी चुकीचा छापला होता, म्हणाले, आणि तुमच्या मुलीनं ते बरोबर ओळखलं. बाकी सगळी उत्तरंही तिची स्वतःची आहेत. मला वाटलं तसं काही नव्हतं.

"आन झडतीचं?"

सर म्हणाले, "तीही माझीच चूक. मनिषा मॅडमची नाही, माझी."

भगवानरावांनी एकदा पेपरकडं आणि एकदा सरांकडं पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडं बघत म्हणाले, आज मास्तर गोड बोलायलेत, उद्या पोरीला नापास करून सूड काढतील. तोंडी बोलण्याचा काय भरवसा? लिहून द्या.

मला राग आला. सरांना आला नाही. त्यांनी माझ्याकडून वही मागितली, पान फाडलं आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवून लिहिलं, की स्वप्नालीनं कॉपी केली नाही, झडती विनाकारण घेतली गेली, तिचे वीसपैकी वीस गुण. खाली सही, तारीख. भगवानरावांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मग एका पोराकडून वाचून घेतलं, मी वाचलं तेच लिहिलंय ना ते बघायला. मग घडी घालून आधार कार्डांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. तेव्हा कुठं आमच्यासाठी दुसरी बाज आली.

सरांनी पाकिटातून सुतळी काढून स्वप्नालीला दिली आणि हे काय आहे, असं विचारलं. या वेळी आवाज वेगळा होता. ती आधी आईकडं बघून मग बोलली. तिचा मामा परळीला गवंडी आहे. पायाची आखणी करताना कोपरा काटकोनात आहे का, हे बघायला तो दोरी धरतो, एका बाजूला तीन, दुसरीला चार, आणि तिरकी पाच भरली की कोपरा बरोबर. लहानपणी सातवी-आठवीला मामाकडं राहिली तेव्हा ती दोरीचं एक टोक धरायची. ही तिनं स्वतःसाठी केलेली छोटी दोरी, तीन, चार, पाच मिळून बारा अंतरांची. आरोही नावाची मैत्रीण तिला वर्गातल्या वहीचे फोटो फोनवर पाठवायची, पण उसाच्या फडात रेंज नसायची, आणि आले ते फोटो अर्धे कापलेले. सूत्रं वरच्या भागात राहिली. तिला दिसायचं ते फक्त उदाहरण, चरणाची फुली आणि शेवटचं उत्तर. मग फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत बसून तिनं स्वतःच मेळ लावला. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून तिसरी काढायची, आणि कोन ज्या चरणात आहे तिकडं तो त्रिकोण ठेवायचा. डावीकडं गेला की आडवी बाजू वजा, खाली गेला की उभी बाजू वजा.

सर ऐकत होते. नित्यसमानता हीच, म्हणाले. त्यांनी जमिनीवर काडीनं साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग लिहून दाखवलं, आणि तिरकी बाजू एक धरली की तुझी दोरीच ती, असं समजावलं. ती वाकून बघत राहिली.

"हे म्हणजे तेच हाय की," ती म्हणाली. "मग एवढं लिवायचं कशाला?"

बोर्डाला रीत लागते, सर म्हणाले. नुसतं उत्तर लिहिलंस तर पुढंही कुणीतरी संशय घेईल.

कॉलेजात परत ये, असं त्यांनी तिला सांगितलं. ती लगेच हो म्हणाली नाही. तुम्ही हे वर्गात सांगा, मग येते, म्हणाली. सगळ्यांना झडतीचं ठाऊक हाय, तर हेबी ठाऊक व्हायला पायजे.

परतीच्या वाटेवर सर अस्वस्थ होते. वर्गात चूक कबूल केली की प्रत्येक जण प्रश्न चुकला म्हणून गुण मागायला येईल, कुणीतरी वर अर्ज करेल, पुन्हा चौकशी. जुनी चौकशी त्यांच्या डोळ्यांपुढं होती, हे मला दिसत होतं. पण सोमवारी तासाच्या सुरुवातीला त्यांनी सगळं सांगितलं. प्रश्नातली चूक, आपला संशय, झडती, काही लपवलं नाही. त्या संचाच्या सगळ्यांना पाचव्या प्रश्नाचे गुण दिले. फळ्यावर फुली काढून तिच्यावर त्रिकोण काढून दाखवला, आणि ही रीत स्वप्नालीची, म्हणाले. अर्ज कुणी केला नाही. स्वप्नाली मंगळवारी आली आणि शेवटच्या बाकावर बसली. पुढं बारावीचं वर्षभरही तिथंच बसली.

बजरंगची समजूत मात्र पटली नाही. सर त्याच्याही घरी जाऊन आले, माफी मागून आले. तो हो-हो म्हणाला, चहा दिला. पण स्टाफरूमची किल्ली त्यानं पुन्हा हातात घेतली नाही. आजही ती प्राचार्यांच्या टेबलावर असते आणि रोज सकाळी आम्हालाच आणावी लागते.

बारावीला स्वप्नालीला गणितात शंभरपैकी ब्याण्णव मिळाले. त्या साली तिच्या आईवडिलांनी तिला नेलं नाही, मामानं परळीहून येऊन अडवलं. आता ती बीडला सिव्हिलचा डिप्लोमा करते, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. बारावीच्या निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली होती. आधी मनिषा मॅडमना दिले, मग मला, मग बाकीच्यांना, शेवटी इंगळे सरांना. सरांनी पेढा हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं, माझ्यावरचा राग गेला का?

तिनं विचार केला. खोटं बोलायचं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सर, मी अजून ठरवलं न्हाई," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली. मग आपल्या शेजारची खुर्ची पुढं ओढून तिला बस म्हणाले, आणि डिप्लोमाला कोणती पुस्तकं लागतील ते विचारू लागले. ती बसली.